उंच माणसाच्या पाठीवर नीट बसणारी सॅक कशी निवडावी?

सहा_तीन

नमस्कार मंडळी. माझी उंची ६ फूट ३ इंच, म्हणजे साधारण १९० सेंमी. वजन ७८ किलो. राहायला पुण्यात. सह्याद्रीत भटकंती चालूच असते आणि येत्या मे महिन्यात हिमाचलमधल्या सर पासच्या ट्रेकला जायचं ठरलंय.

सध्या माझ्याकडे ६० लिटरची सॅक आहे. "ही सगळ्यांना बसते" असं सांगून दुकानदाराने दिली होती. रिकामी असताना काहीच जाणवत नाही. दहा-बारा किलो भरले की कंबरपट्टा कमरेवर न राहता बेंबीच्या वर, थेट पोटावर येतो. आवळला तर चढावर श्वास पुरत नाही, सैल सोडला तर सगळं ओझं खांद्यांवर. राजगडाला गुंजवण्याच्या वाटेने जाताना चोर दरवाजाच्या आधीच खांदे भरून येतात आणि सॅक उतरवली की दोन्ही खांद्यांवर लाल वळ दिसतात.

दुकानांत विचारलं की "उंच आहात ना, मग ७५ लिटरची घ्या" एवढंच उत्तर मिळतं. मला जास्त सामान न्यायचं नाहीये, आहे तेच सामान नीट न्यायचंय. जाणकारांनी जरा सविस्तर सांगावं. पुण्यात कुठे बघावं, काय बघावं, आणि जुन्या सॅकमध्येच काही दुरुस्ती होऊ शकते का?

कोथरूडची_वाट

वाचतेय. माझा भाऊ ६ फूट १ आहे, त्याचीही हीच तक्रार.

रानवाट

धागा काढलात ते बरं केलंत. या विषयावर मराठीत फारसं कुणी लिहीत नाही आणि दुकानात लिटरच्या पुढे चर्चा जात नाही, म्हणून थोडं विस्ताराने लिहितो.

पहिली गोष्ट, ७५ लिटरचा सल्ला डोक्यातून काढून टाका. लिटर म्हणजे सॅकच्या पोटात किती मावतं ते. ती तुमच्या अंगावर बसेल की नाही याच्याशी त्याचा संबंध नाही. ४० लिटरची सॅक लांब पाठीची असू शकते आणि ८० लिटरची आखूड पाठीची.

दुसरी, तुमची उंचीसुद्धा इथे फारशी कामाची नाही. सॅक पायांवर बसत नाही, पाठीवर बसते. त्यामुळे मोजायची ती पाठीची लांबी. माझ्या ओळखीत दोघे जण आहेत, दोघेही ६ फूट १. एकाची पाठ ४८ सेंमी, दुसऱ्याची ५४. पहिल्याला मध्यम मापाची सॅक चपखल बसते, उंची सगळी पायांत आहे त्याच्या. दुसऱ्याला तीच सॅक पोटावर येते. कोथरूडची_वाट, तुमच्या भावाचीही पाठ आधी मोजा, मगच खरेदीचं बघा.

माप असं घ्यायचं. मदतीला एक माणूस आणि शिंप्याकडे असते तशी कापडी टेप लागते. मान पुढे झुकवायची, मानेच्या बुडाशी एक ठळक मणका बोटाला लागतो. तो सातवा मणका, तिथून सुरुवात. मग दोन्ही हात कमरेवर ठेवायचे, अंगठे पाठीकडे. कमरेच्या हाडाचा वरचा काठ हाताला लागेपर्यंत बाजूने चाचपायचं आणि हात त्या काठावर टेकवायचे. दोन्ही अंगठे जोडणारी आडवी रेघ मनात धरायची. मणक्यापासून त्या रेघेपर्यंत, पाठीच्या वळणाला धरून टेप सोडायची. जो आकडा येईल ती तुमची पाठ. पँटचा पट्टा जिथे बांधता ती कंबर धरू नका. ती बहुतेकांची या हाडाच्या बरीच खाली असते आणि माप चुकतं.

बहुतेक कंपन्यांच्या तक्त्यात ४६ ते ५० सेंमीच्या आसपास मध्यम आणि ५१ च्या पुढे मोठं माप धरतात. पण प्रत्येकाचे आकडे थोडे वेगळे असतात, म्हणून ज्या सॅकचा विचार करताय तिचाच तक्ता बघा.

आता तिसरी गोष्ट, आणि उंच माणसाला हीच सगळ्यात जास्त नडते. हल्ली बऱ्याच सॅकना पाठ कमी-जास्त करायची सोय असते. खांद्याच्या पट्ट्यांचा सांगाडा वेल्क्रोवर किंवा खाचांवर वर-खाली सरकवता येतो. दुकानदार तो सगळ्यात वर सरकवतो आणि म्हणतो, बसली की! पण पट्टे वर सरकले तरी आतली फ्रेम, म्हणजे सॅकच्या पाठीतला ताठ सांगाडा, काही लांब होत नाही, ती आहे तेवढीच राहते. खांद्याच्या पट्ट्यांच्या वरून सॅककडे जाणारे दोन छोटे बंद असतात ना, लोड लिफ्टर, ते फ्रेमच्या वरच्या टोकाला बांधलेले असतात. पट्टे सगळ्यात वर नेले की हे बंद आडवे होतात, कधीकधी खांद्याच्याही खाली जातात. मग ते ओढून उपयोग शून्य. ते खांद्यापासून वर-मागे साधारण ४५ अंशांत जायला हवेत, तरच सॅकचा वरचा भाग अंगाजवळ ओढला जातो आणि खांद्यावरचा दाब हलका होतो.

म्हणून माझा ठाम सल्ला: तुमचं माप सॅकच्या पल्ल्याच्या मधोमध आलं पाहिजे, टोकाला नाही. समजा मध्यम सॅक ४६ ते ५३ आणि मोठी ५१ ते ५८ अशी आहे. तुमची पाठ ५३ असेल तर मध्यमही "बसते" असं कागदावर दिसेल. तरी डोळे मिटून मोठी घ्या.

फिजिओ_सहकारनगर

रानवाट यांनी मापाबद्दल लिहिलंय त्याला माझ्या बाजूने एवढी जोड देते.

चांगल्या बसलेल्या सॅकमध्ये बहुतांश वजन, ढोबळमानाने ७० ते ८० टक्के, कमरेच्या हाडांवर यायला हवं. १२ किलोची सॅक असेल तर ९ किलोच्या आसपास कमरेवर आणि उरलेलं खांद्यांवर. कमरेवर आलेलं वजन थेट पायांत उतरतं आणि शरीरातले सगळ्यात दणकट स्नायू तिथेच आहेत. पट्टा पोटावर असेल तर त्याला टेकायला हाडच मिळत नाही. कितीही आवळा, तो वजन उचलणार नाही, फक्त पोट दाबेल. तुमचा श्वास पुरत नाही त्याचं कारण हे आहे. तब्येत कमी पडतेय असं समजू नका.

खांद्यावरचे वळ हलक्यात घेऊ नका. जड सॅक खांद्यांवरच लटकत राहिली तर मानेतून हाताकडे जाणाऱ्या नसांच्या जाळ्यावर दाब येतो. हाताला मुंग्या, बधिरपणा, हात वर उचलताना अशक्तपणा अशी लक्षणं दिसतात. याला रकसॅक पाल्सी असंच नाव आहे आणि पाठीवर जड ओझी वाहणाऱ्या सैनिकांमध्ये ती आढळते. फ्रेम आणि कंबरपट्टा असलेल्या सॅकमुळे हा धोका कमी होतो. ट्रेकवर हात बधिर व्हायला लागला तर सॅक उतरवा, वजन वाटून घ्या. "थोडं राहिलंय, चालू या" असं करू नका.

उलट बाजूही सांगते. कंबरपट्टा फार खाली, जांघेच्या जवळ आणि फार घट्ट असेल तर मांडीच्या बाहेरच्या बाजूची कातडी बधिर होते. तिथून जाणारी एक नस दाबली जाते. म्हणजे पट्टा योग्य जागी हवा: कमरेच्या हाडाचा काठ पट्ट्याच्या जाडीच्या साधारण मध्यावर यावा, अर्धा पट्टा काठाच्या वर, अर्धा खाली. बकल नाभीच्या खाली येतं.

वजनाचा अंदाजही विचारात घ्या. मुक्कामी ट्रेकला स्वतःच्या वजनाच्या २० टक्क्यांपर्यंत ओझं, हा एक ढोबळ नियम आहे. तुमच्या ७८ किलोला साडेपंधरा किलो होतात. उंच आणि सडपातळ माणसाने त्याच्या बऱ्याच आत राहावं असं माझं मत आहे. सॅकचं टोक जितकं उंच आणि अंगापासून जितकं लांब, तितका पाठीच्या खालच्या भागावर ताण.

सहा_तीन

दोघांचेही मनापासून आभार. आजच बहिणीकडून माप घेतलं, तीनदा मोजलं, ५५ सेंमी आलं. घरच्या सॅकच्या आतलं लेबल शोधून काढलं, त्यावर "एम" लिहिलंय. इतके दिवस ते लेबल बघायचं कुणी सांगितलंच नव्हतं.

सुईदोरा

मी बॅगा आणि सॅक दुरुस्त करतो, म्हणून तुमच्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर देतो.

बकल तुटलं, चेन गेली, पट्टा उसवला, कंबरपट्टा छोटा-मोठा करायचा आहे, छातीचा पट्टा वर-खाली हवाय, हे सगळं होतं. रविवार पेठेत बकल, पट्ट्या, वेल्क्रो सगळं मिळतं आणि काम मजबूत होतं. पण पाठ लांब करून द्या म्हणून कुणी आलं की मी नाही म्हणतो. खांद्याचे पट्टे ज्या शिवणीत बसवलेले असतात तिथे आत दुहेरी-तिहेरी कापड आणि पट्टी असते, सगळा ओढा तिथे येतो. ते उसवून दोन इंच वर शिवले तर वरचं कापड एकेरी, त्याला तो ओढा सोसत नाही. कधीतरी नेमका घाटात पट्टा सुटतो. कंबरपट्टा खाली सरकवायचा म्हटलं तर सॅकचं बूड संपलेलं असतं.

एक मात्र करून बघण्यासारखं आहे. तुमच्या सॅकच्या पाठीत अ‍ॅल्युमिनियमच्या एक किंवा दोन पट्ट्या आहेत का ते बघा. बहुतेक सॅकमध्ये आतल्या खिशासारख्या फटीतून त्या बाहेर काढता येतात. नवीन असताना त्या एका साच्यात वाकवलेल्या असतात, तुमच्या पाठीचा बाक वेगळा असतो. गुडघ्यावर टेकवून हळूहळू, थोड्या-थोड्या अंतरावर दाबत स्वतःच्या पाठीच्या बाकाप्रमाणे वळवायच्या. एकाच जागी जोर दिला तर तिथे घडी पडते आणि पट्टी कमकुवत होते. माप आखूड असेल तर याने सॅक लांब होणार नाही, पण पाठीला टोचणं कमी होईल.

आणि पट्ट्याच नसतील, फक्त फोमचा तुकडा असेल, तर अजून एक गोष्ट लक्षात घ्या. वजन पडलं की अशी सॅक खाली बसते, भिजल्या पोत्यासारखी. दुकानात रिकामी असताना जी पाठ ५२ सेंमी वाटली ती १२ किलो भरल्यावर ४८-४९ होते. "रिकामी असताना जाणवत नाही" असं तुम्ही लिहिलंय, त्याचं उत्तर मला इथे दिसतंय.

निळा_डोंगर

सुईदोरा, फार मोलाची माहिती. वाचनखूण साठवली.

थोडं अवांतर: कंबरपट्ट्यावर वजन टाकायची पद्धत तशी फार जुनी नाही. नॉर्वेच्या ओले बर्गन यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला पाठीच्या आकाराची फ्रेम आणली, पण तिचं वजन मुख्यतः खांद्यांवरच असायचं. अमेरिकेत डिक केल्टी यांनी १९५२ पासून अ‍ॅल्युमिनियम फ्रेमच्या सॅक विकायला सुरुवात केली आणि वजन कमरेवर घेणारा पट्टा त्यांच्यामुळे रुळला. आमच्या आधीच्या पिढीने सह्याद्री कॅनव्हासच्या सॅक खांद्यावर टाकून पालथा घातला, त्याबद्दल मला अपार आदर आहे. पण त्यांच्यातल्या अनेकांचे खांदे आणि मान आज काय बोलतात तेही मी ऐकलंय.

कोथरूडची_वाट

भावाची पाठ मोजली. ४९! म्हणजे त्याला मोठ्या मापाची गरजच नाही. मग त्याला त्रास का होतो?

रानवाट

त्याची सॅक घालायची पद्धत बघा. बहुतेक जण आधी खांद्याचे पट्टे आवळतात आणि मग कंबरपट्टा लावतात. तसं केलं की सॅक वर अडकून बसते आणि कंबरपट्टा पोटावर येतो. सगळं उलटं करायचं.

आधी सगळे बंद पूर्ण सैल. सॅक पाठीवर घ्यायची, किंचित पुढे वाकून ती वर उचलायची आणि कंबरपट्टा हाडावर बसवून घट्ट करायचा. सरळ उभं राहिलं की जवळजवळ सगळं वजन कमरेवर आलेलं जाणवलं पाहिजे. मग खांद्याचे पट्टे खाली-मागे ओढायचे, पण फक्त अंगाला टेकेपर्यंत. मग लोड लिफ्टर हलकेच. शेवटी छातीचा पट्टा, गळ्याखालच्या आडव्या हाडापासून (कॉलरबोन) दोनेक इंच खाली. छातीचा पट्टा फार आवळला की खांदे पुढे ओढले जातात.

बाजूने फोटो काढायला सांगा. खांद्याचा पट्टा खांद्यावरून वळून मागे पाठीला चिकटून खाली गेला पाहिजे आणि खांद्याच्या माथ्यापासून इंच-दोन इंच खाली सॅकला मिळाला पाहिजे. खांदा आणि पट्टा यांच्यात मागे फट दिसली तर सॅक मोठी होतेय. पट्टा खांद्याच्या बराच खाली जाऊन मिळत असेल आणि खांद्याला पुढून-मागून दाबत असेल तर ती आखूड आहे.

उंच_टाच_नको

बायकांच्या बाजूने लिहिते. मी ५ फूट ११ इंच आहे आणि दुकानात गेलं की मला थेट पुरुषांची मोठ्या मापाची सॅक हातात देतात. पाठीची लांबी जुळते, पण खांद्याचे पट्टे एकमेकांपासून इतके लांब असतात की ते खांद्याच्या टोकावरून घसरतात आणि छातीवर नको तिथे दाबतात. बायकांच्या सॅकमध्ये पट्टे जवळ-जवळ, थोडे अरुंद आणि इंग्रजी एस अक्षरासारखे वळलेले असतात, कंबरपट्टाही कमरेच्या उताराला धरून तिरका शिवलेला असतो. पण त्यांची पाठ मुळात आखूड धरून बनवलेली असते.

माझा तोडगा: पाठ कमी-जास्त होणारी बायकांची सॅक, तीही ज्यात मोठं माप वेगळं मिळतं अशी. सगळ्या कंपन्या ते करत नाहीत, शोधावं लागतं. पण थांबणं परवडलं. उंच मुलींनी "पुरुषांची चालेल" म्हणून तडजोड करू नये, हे मी जीव तोडून सांगते. ट्रेक आठ-दहा तास चालायचा असतो.

उंच सडपातळ लोकांसाठी आणखी एक मुद्दा, पुरुषांनाही लागू. मोठ्या मापाच्या सॅकला बहुतेकदा मोठा कंबरपट्टा येतो. कंबर बारीक असेल तर पट्टा शेवटपर्यंत ओढला तरी सैल राहतो. पूर्ण आवळल्यावर पुढे दोन्ही बाजूंच्या गाद्यांमध्ये निदान तीन-चार इंच जागा उरली पाहिजे. गाद्या एकमेकींना टेकल्या तर तो पट्टा तुमचा नाही, कारण हिमालयात आठवडाभरात कंबर आणखी बारीक होते. काही सॅकना कंबरपट्टा वेगळ्या मापाचा बदलून घेता येतो, ते दुकानात विचाराच.

सहा_तीन

हे माझ्या लक्षातच आलं नसतं. माझी कंबर ३२ आहे. आता दुकानांत जायच्या आधी कुठल्या सॅक बघाव्यात याची कल्पना द्याल का?

रानवाट

नावं सांगतो, पण माप हीच कसोटी. डॉयटरच्या काही सॅकच्या नावापुढे "ईएल" असतं, ती खास लांब पाठीची. ऑस्प्रेच्या मोठ्या सॅक बऱ्याचदा दोन मापांत येतात, त्यातलं "एल-एक्सएल" बघा. ग्रेगरीच्या बाल्टोरोमध्ये लहान, मध्यम, मोठं अशी मापं असतात. या सगळ्या महाग आहेत. डेकॅथलॉनमध्ये फोरक्लाझच्या काही सॅकची पाठ कमी-जास्त होते, तिथे निवांतपणे घालून बघता येतं आणि कुणी घाई करत नाही, म्हणून सुरुवात तिथून करा. प्रत्येक ठिकाणी टेप सोबत न्या.

तंबूच्या दुकानातून किंवा ट्रेकवाल्यांकडून भाड्याने मिळणाऱ्या सॅक बहुधा एकाच मापाच्या असतात, ५५ सेंमी पाठीला त्यांचा भरवसा धरू नका.

कर्वेनगर_ते_कळसूबाई

माझं मत थोडं वेगळं आहे. इतका खर्च करायच्या आधी हा विचार करा की सर पाससारख्या ट्रेकला अनेक जण मोठी सॅक खेचरावर किंवा पोर्टरकडे देतात आणि स्वतः २५-३० लिटरची छोटी सॅक घेऊन चालतात. तुम्हीही तसंच करणार असाल तर पाठीवर दिवसभर छोटीच सॅक असेल.

रानवाट

मुद्दा बरोबर आहे, पण सह्याद्रीत आपलं सामान आपणच वाहतो आणि सहा_तीन यांचा त्रास राजगडावरचा आहे. शिवाय स्वतःचं ओझं स्वतः नेण्यात जो आनंद आहे तो मला तरी सोडवत नाही.

छोट्या सॅकबद्दल मात्र लिहायलाच हवं. २५-३० लिटरच्या सॅक बहुतेक एकाच मापाच्या असतात आणि लांब पाठीवर त्यांचा कंबरपट्टा पोटावरच येतो. पाच-सहा किलोपर्यंत त्याने बिघडत नाही. तिथे तो पट्टा वजन उचलायला नसतो, सॅक हलू नये म्हणून असतो. सैल लावा. पण त्यात पाणी, जेवण, जॅकेट, कॅमेरा असं करत दहा किलो भरू नका.

उंच_टाच_नको

सॅकच्या वरच्या टोकाकडेही लक्ष द्या. लांब पाठीच्या सॅकचं टोपण डोक्याच्या वर जातं. राजगडाच्या चोर दरवाजातून वाकून जाताना तुम्ही वाकता, पण टोपण चौकटीला धडकतं आणि तोल मागे जातो. कारवीच्या रानात फांद्या अडकतात. हरिश्चंद्रगडाच्या नळीच्या वाटेसारख्या ठिकाणी, जिथे मान वर करून पुढचा दगड बघायचा असतो, तिथे टोपण डोक्याला मागून अडवतं आणि वर बघताच येत नाही. म्हणून सॅक भरल्यावर मान मागे टाकून आभाळ दिसतं का ते बघा. टोपण सैल करून खाली घेता आलं पाहिजे. मॅट उभी बांधू नका.

फिजिओ_सहकारनगर

भरण्याबद्दल दोन ओळी. जड वस्तू पाठीला चिकटून, खांद्याच्या पात्यांच्या मधल्या उंचीवर. स्लीपिंग बॅग तळाशी. हलके कपडे बाहेरच्या बाजूला आणि वर. पाण्याच्या दोन बाटल्या दोन्ही बाजूंना सारख्या, एक लिटर म्हणजे एक किलो हे धरून.

उंच माणसाचं सामानही मुळात मोठं असतं. बूट मोठे, कपडे मोठे, स्लीपिंग बॅग लांब. त्यामुळे ५० लिटरमध्ये इतरांचं मावतं तिथे तुम्हाला ५५-६० लागेल. ७५ नको. जागा दिसली की आपण भरतोच.

सहा_तीन

धागा वर काढतोय. तुम्ही सगळ्यांनी इतकी मदत केलीत, म्हणून काय झालं ते सांगतो.

टेप घेऊन तीन दुकानं फिरलो. एका ठिकाणी वजनाच्या पिशव्या होत्या, बाकी दोन ठिकाणी नव्हत्या, म्हणून घरून तांदळाच्या पाच-पाच किलोच्या दोन पिशव्या आणि भरलेल्या दोन बाटल्या नेल्या होत्या. दुकानदाराने आधी आश्चर्याने बघितलं, मग स्वतःच मदत करायला लागला. ज्या सॅकची पाठ सगळ्यात वर सरकवावी लागत होती त्यांत रानवाट यांनी लिहिल्याप्रमाणे लोड लिफ्टर अगदी आडवे झाले. आरशात बाजूने बघितल्यावर लगेच कळलं. एक सॅक पाठीला अप्रतिम बसली, पण कंबरपट्टा शेवटपर्यंत ओढूनही सैल. उंच_टाच_नको, तुमच्यामुळे ती सोडली, नाहीतर घेऊन मोकळा झालो असतो.

शेवटी लांब पाठीची ६० लिटरची घेतली. तिच्या पल्ल्यात माझे ५५ सेंमी बरोबर मधे येतात. आत अ‍ॅल्युमिनियमच्या दोन पट्ट्या आहेत, सॅकचं स्वतःचं वजन दोन किलोच्या आसपास. जाळीची पाठ असलेली एक सॅक पण बघितली, वारा छान खेळतो, पण वजन पाठीपासून दूर जातं आणि चढताना मागे ओढल्यासारखं वाटतं. उन्हाळ्यात घाम येईल तो येऊ दे, मी अंगाला चिकटणारी घेतली.

बदलून देण्याची मुदत होती, म्हणून आधी टॅग न काढता घरीच १२ किलो भरून सोसायटीचे जिने चढलो-उतरलो, प्रत्येक वेळी अर्धा तास. खात्री पटल्यावर टॅग काढले आणि पहाटे पर्वती. १०३ पायऱ्या, खाली येऊन पुन्हा वर, असं दमेपर्यंत. मग एका शनिवारी गुंजवण्यातून राजगड, पद्मावती माचीवर मुक्काम. खांद्यावर वळ नाहीत. कमरेच्या हाडांवर थोडं दुखलं, पहिल्या दिवशी जास्त, दुसऱ्या दिवशी कमी.

फिजिओ_सहकारनगर

कमरेवरचं ते दुखणं सुरुवातीला अपेक्षित आहे, तिथल्या कातडीला आणि स्नायूंना दाबाची सवय नसते. वजन वाढवत नेत सराव करा. खाली पँटचा जाड पट्टा किंवा खिशात मोबाइल-किल्ल्या असतील तर काढा, नेमकं त्यावर दाबून काळंनिळं होतं.

सहा_तीन

पँटचा पट्टा होता! पुढच्या वेळी इलॅस्टिकची पँट.

एक शेवटची शंका. उतरताना, सुवेळा माचीकडून परत येताना, सॅक हलत होती. चढताना अजिबात नव्हती.

रानवाट

बसली म्हणजे एकदा बांधून दिवसभर तशीच ठेवायची असं नसतं. उतारावर लोड लिफ्टर आणि बाजूचे दाबपट्टे (सॅकचं पोट आवळणारे बंद) थोडे आवळा, वजन अंगाजवळ राहील. चढावर लोड लिफ्टर किंचित सैल, म्हणजे खांदे मोकळे. दुपारी डबा संपला, पाणी संपलं की सॅकचं पोट रिकामं होतं आणि उरलेलं सामान आत हिंदकळतं, तेव्हा दाबपट्टे पुन्हा ओढायचे. कंबरपट्टा घामाने आणि चालण्याने हळूहळू सुटत जातो, तासा-दीड तासाने पाणी प्यायला थांबलात की तोही एकदा आवळायचा. दर वेळी आधी खांद्याचे पट्टे सैल, मग कंबर, मग पुन्हा खांदे. सर पासला पहाटे अंधारात निघायचं असतं आणि हातात मोजे असतील, तेव्हा हे न बघता करता आलं पाहिजे. आतापासून मोजे घालून सराव करा.

कोथरूडची_वाट

भावाला पद्धत बदलून दाखवली. तीच सॅक, तेच सामान, कंबरपट्टा हाडावर बसला. रविवारी ५० नंबरच्या बसने सिंहगड पायथ्याला जातोय, आतकरवाडीतून चढून बघू.